पाणी आधी, तट नंतर: सोलापूरच्या तळ्याकाठून भुईकोटापर्यंतची पायी फेरी

सोलापूरला डोंगर नाही. शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, माळ, ज्वारीची रानं आणि बाभळींची रांग याखेरीज नजरेला काही अडत नाही. आमच्याकडे कडा म्हणावा असा एकच आहे आणि तो माणसांनी रचलेला आहे, भुईकोटाचा तट. खाली खंदक, त्याच्या अंगाने बाग आणि जुनी झाडं, वर काळ्या दगडाची भिंत, आणि पूर्वेला सिद्धेश्वर तळ्याचं पाणी. गावाच्या ऐन मध्यात एवढी सावली आणि एवढी जुनी वास्तू दुसरीकडे कुठे नाही.

मी ही फेरी गेली अनेक वर्षं करतो आहे. कधी एकटा, कधी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन, कधी शाळेच्या पोरांबरोबर. एक गोष्ट मला उशिरा कळली आणि म्हणूनच हा लेख लिहितोय. बहुतेक लोक पार्क चौकात उतरतात, तिकीट काढून आधी किल्ला बघतात आणि मग उन्हाच्या तडाख्यात तळ्याकडे येतात. तोवर पाय दमलेले, फरशी तापलेली. ‘देवाला हात जोडले, चला’ म्हणत निघून जातात. माझं म्हणणं, ही फेरी उलटी करा. तळं बाराव्या शतकातलं, किल्ला त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आलेला. पाण्यापासून सुरुवात केली की किल्ला इथेच का बांधला, त्याच्या भिंतीत देवळांचे दगड कसे आले, याची उत्तरं चालता चालता मिळत जातात.

कधी जायचं, काय घ्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत चांगले. चांगला पाऊस झाला असेल तर दसऱ्याच्या आसपास तळं भरलेलं आणि तटावर गवत हिरवंगार असतं, ते दिवसही सोडू नयेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा फेरी करायचीच असेल तर सहाला निघून नवाच्या आत सावलीत या. काळा दगड तापला की तटावर भाजणीच्या परातीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजेच गड्ड्याची जत्रा असते. होम मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी भरून जातं. त्या दिवसांत जत्रेसाठी या, जरूर या, पण ही निवांत फेरी तेव्हा होणार नाही.

पायात सहज काढता येतील अशा चपला किंवा बूट असू द्या, कारण देवळात ते काढायचे आहेत आणि तटावर पुन्हा घालायचे आहेत. नुसत्या घसरत्या स्लिपर मात्र नकोत. दोघांत दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पंचा, थोडे सुटे पैसे. दुर्बीण असेल तर घ्या, तळ्यावर उपयोगी पडते. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि प्रवेशाला तिकीट लागतं. तिकीट खिडकीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

रेल्वे स्टेशनवरून किंवा एसटी स्टँडवरून रिक्षावाल्याला ‘सिद्धेश्वर मंदिर’ एवढंच सांगा. पार्क चौक म्हणू नका, नाहीतर तो तुम्हाला फेरीच्या शेवटाला नेऊन सोडेल. सगळ्याला मिळून निवांत तीन ते साडेतीन तास धरा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर फक्त तळं आणि बाग करा, तटावरच्या पायऱ्या सोडून द्या. तेवढ्यानेही सकाळ सार्थकी लागते.

पहिला टप्पा: तळं आणि देऊळ

उजाडताना पोचा. देवळात जाण्याआधी तळ्याच्या काठाशी पाच मिनिटं गप्प उभे राहा. चहूबाजूंच्या पाण्यात मधोमध देऊळ आहे. पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे शिखराची सावली पाण्यात अखंड दिसते. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, बगळे कडेच्या चिखलात उभे असतात, आणि नशीब असेल तर खंड्या निळा पट्टा ओढल्यासारखा पाण्यावरून जातो.

हे तळं सिद्धरामेश्वरांनी आपल्या माणसांना घेऊन खोदलं असं गाव मानतं. सिद्धरामेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शिवशरण, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंचे समकालीन, कन्नड वचनकार. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. त्यांच्याबद्दल दोन कथा इथे उभं राहून आठवाव्यात अशा आहेत.

पहिली कथा लहानपणाची. गुरं राखणाऱ्या सिद्धरामाकडे मल्लय्या नावाचा जंगम येतो, हुरडा खातो आणि मग दहीभात मागतो. पोरगं घरी धावतं, दहीभात घेऊन येतं, तर मल्लय्या गायब. ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत ते श्रीशैलला जाऊन पोचतं. तिथलं लिंग दाखवलं तर म्हणतं, हा माझा मल्लय्या नव्हे. हाका मारत रानात भटकतं आणि शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघतं, तेव्हा शिव त्याचा हात धरतो. सोलापूरच्या कथेतला खरा कडा असा दूर श्रीशैलच्या रानात आहे. तिथून परतलेल्या माणसाने इथे सपाट माळावर पाणी अडवलं आणि लिंगं स्थापली.

दुसरी कथा अल्लमप्रभूंची. तळं खोदण्याचं काम जोरात चाललं असताना अल्लम येतात आणि मुद्दाम डिवचून विचारतात, ‘तो ओड्डर राम कुठे आहे?’ ओड्डर म्हणजे वडार, माती-दगड खोदणारा. खोदणाऱ्यांना राग येतो. पुढे दोघांची भेट होते आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला जातात. मला ही कथा फार मोलाची वाटते. ज्या शब्दाने चिडवलं, ते काम आज आठशे वर्षांनंतरही आपल्या डोळ्यांसमोर पाण्याने भरून उभं आहे.

देवळात शिरल्यावर घाई करू नका. अंगणात सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे, तिथे गर्दी कमी असते. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. जत्रेच्या पहिल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या घेऊन लोक त्या सगळ्या लिंगांना तेल वाहायला निघतात. जुन्या सोलापूरचा तो पायी काढलेला नकाशाच म्हणा. या अडुसष्ट लिंगांची स्वतंत्र फेरी करायला एक अख्खा दिवस ठेवावा लागेल.

बाहेर पडताना संमती कट्टा कुठे आहे विचारा. कुणीही दाखवेल, बहुतेक वेळा कन्नडमिश्रित मराठीत. मला एकदा कट्ट्याशेजारी बसलेल्या आजोबांनी ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा) म्हणत बाजूला बसवून घेतलं आणि पाऊण तास अक्षता सोहळ्याचं वर्णन ऐकवलं. कुंभार घराण्यातल्या मुलीचं सिद्धरामेश्वरांवर मन जडलं, त्यांनी लग्नाला नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. ते लग्न दर वर्षी भोगीच्या सुमारास याच कट्ट्यावर लागतं. सात नंदीध्वज येतात, संमती वाचली जाते आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. त्या दिवशी पांढरे बाराबंदी घातलेली माणसं बघितली की गाव एकदम जुनं वाटू लागतं.

फोटोसाठी एक सूचना. देवळाकडून किल्ल्याकडे बघताना तुमचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीवरून थेट तटावर पडतं. सूर्य वर आल्यापासून साधारण तासभर काळा दगड तांबूस दिसतो. दुपारनंतर तोच तट सपाट, करडा दिसतो. किल्ल्याचा सगळ्यांत देखणा फोटो किल्ल्यात जाऊन निघत नाही, तो इथूनच निघतो.

दुसरा टप्पा: काठाकाठाने होम मैदानापर्यंत

इथे चालणं सोपं आहे, सांगण्यासारखं फारसं नाही. तळ्याच्या काठाने किल्ल्याकडे नजर ठेवून चाला. पाणी थेट तटाच्या दिशेला कसं भिडतं ते बघा. किल्ल्याच्या तीन बाजूंना खंदक आहे आणि पूर्वेला तळं. बांधणाऱ्यांनी एक बाजू आयती घेतली. पाण्यापासून सुरुवात करायची म्हणतो ती यासाठी.

काठावर निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिसतील. मन खट्टू होतं. आपल्याबरोबर एक पिशवी ठेवा आणि निदान आपला कचरा तरी परत न्या. पोरं बरोबर असली की ती आपण होऊन वेचू लागतात, हा माझा अनुभव आहे.

होम मैदान लागलं की थोडं थांबा. संक्रांतीचा होमविधी इथे होतो, त्यावरून हे नाव. एरवी क्रिकेट चालू असतं.

तिसरा टप्पा: खंदक, झाडं आणि तट

आता या फेरीचा गाभा. इथे निदान दीड तास द्या.

किल्ला बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला. एकात एक असे दोन तट, दोन्हींना बुरूज. गेल्या शतकापूर्वीच्या इंग्रजी गॅझेटियरात खंदकाची मापं दिली आहेत, १०० ते १५० फूट रुंद आणि १५ ते ३० फूट खोल. दोन तटांमधलं अंतर १० ते २० यार्ड. ही मापं लक्षात ठेवून हुतात्मा बागेत शिरा. बागेत आता झाडं आहेत, बाक आहेत, म्हातारी मंडळी फिरायला येतात, पण खंदकाच्या काठावर उभं राहून वर मान केली की हल्ला करणाऱ्या सैनिकाला काय दिसत असेल ते कळतं. समोर पाणी, त्यापलीकडे भिंत, भिंतीमागे आणखी उंच भिंत. भुईकोटाला डोंगराची उंची नसते, म्हणून खाली खणून ती मिळवायची, हा सगळा हिशोब इथे उघडा पडतो.

झाडांकडे बघा. कडुनिंब, पिंपळ, वड, चिंच ही आपली नेहमीची झाडं. सकाळी पोपटांचा कलकलाट असतो आणि तटातल्या बिळांतून ते ये-जा करत असतात. पिंगळा दिवसाही एखाद्या कोनाड्यात डोळे वटारून बसलेला सापडतो. त्याच वेळी तटाच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपंही बघा. दिसायला सुरेख, पण त्यांची मुळं चुना फोडून चिरे सुटे करतात. ती आपण उपटायला जाऊ नये. उपटलं तर वरचा भाग हातात येतो, मूळ आत राहतं आणि दगड मात्र हलतो. ते काम जाणकारांचं.

दरवाज्यातून आत जाताना वाट सरळ नाही हे लक्षात येईल. वळणं घेत, एकामागून एक दरवाजे ओलांडत जावं लागतं. हत्तीला किंवा गर्दीने आलेल्या फौजेला धाव घ्यायला जागा मिळू नये, वळणावर ती वरच्या माऱ्याखाली यावी, म्हणून ही रचना. प्रत्येक वळणावर थांबून ‘मी आता कुणाकुणाच्या टप्प्यात आहे’ असं वर बघत विचारा. पोरांना हा खेळ फार आवडतो.

मग भिंतीजवळ जा, हाताच्या अंतरावर. साध्या दगडांच्या रांगेत मध्येच एखादा कोरीव चिरा दिसतो. कुठे वेलबुट्टी, कुठे मूर्तीचा तुकडा. ही जुन्या देवळांची दगडं. किल्ला उभारताना आणि पुढे डागडुजी करताना ती भिंतीत बसवली गेली. किल्ल्याच्या आत मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष आहेत आणि बत्तीस खांबी म्हणून ओळखली जाणारी इमारतही. काही ठिकाणी फारसी शिलालेख आहेत. मी पाहुण्यांना सांगतो, कोरीव चिरे मोजत चला. मोजायला लागलं की डोळा आपोआप सावकाश होतो आणि मग एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात.

हा किल्ला एका घराण्याकडे टिकून राहिला नाही. बहमनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात तो चेंडूसारखा फिरला. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल झालं, प्रत्यक्षात दिलं गेलं नाही, आणि त्यावरून वर्षानुवर्षं लढाया झाल्या. पुढे १५६४ च्या सुमारास चाँदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं आणि सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडे गेलं. एका गावाचा किल्ला दोन लग्नांच्या बोलणीत यावा, एवढं त्याला महत्त्व होतं. विजापूरवर शेवटचा घाव घालण्याआधी औरंगजेबाची छावणी १६८५ मध्ये सोलापुरात होती. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांकडून किल्ला घेतला. हे सगळं पाठ करायची गरज नाही. पण तटावर चढून पूर्वेला तळं आणि इतर तिन्हीकडे गाव बघताना एवढा क्रम मनात असला की तट बोलू लागतो.

तटावर चढायचं तर जपून. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, पावसाळ्यात शेवाळ धरतं. लहान मुलांचा हात सोडू नका. अंधाऱ्या कोठड्यांत वटवाघळं असतात, टॉर्च मारून त्यांना उठवू नका. मधमाश्यांचं पोळं दिसलं तर आवाज न करता लांबून जा. सेल्फीसाठी चऱ्यांवर चढून बसणारे मी अनेकदा बघितले आहेत आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

दगडांवर बाण आणि बदाम कोरून ठेवलेली नावं दिसतील. ज्या हातांनी सहाशे वर्षांपूर्वी तो दगड घडवला त्यांनी स्वतःचं नाव कुठे ठेवलं नाही. आपल्या पोरांना हे एवढं तटावर उभं करून सांगितलं तरी पुष्कळ.

चौथा टप्पा: चार पुतळे

किल्ल्यातून बाहेर पडून पार्क चौकात आलात की चार हुतात्म्यांचे पुतळे दिसतात. गाव त्या चौकाला चार पुतळे म्हणूनच ओळखतं. सोलापुरातला कुणीही पत्ता सांगताना ‘चार पुतळ्यापाशी’ म्हणतो, आणि म्हणता म्हणता आपण त्यांची नावं विसरतो. म्हणून इथे थांबून नावं मोठ्याने वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या. ८ मेला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पडले. पुढचे तीन-चार दिवस इंग्रजी अंमल गावात नावालाही उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून लोकांनी शिक्षा भोगल्या. या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. चार नावं वाचलीत तर त्यांत लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी असं सगळं सोलापूरच आहे. जानेवारीत आलात तर एकाच आठवड्यात बारा तारखेला इथे फुलं आणि त्यानंतर लगेच संमती कट्ट्यावर अक्षता, असं बघायला मिळतं.

पाचवा टप्पा: इंद्रभुवन, आणि मग खाणं

पार्क चौकातून आणखी थोडं चाललं की इंद्रभुवन येतं, महापालिकेची वास्तू. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेला हा वाडा. दगडातलं कोरीव काम, मूर्ती, महिरपी यांनी दर्शनी बाजू भरून गेली आहे. आत कचेऱ्या आहेत, त्यामुळे बाहेरूनच बघावं. रविवारी गर्दी नसते. सकाळी तटातला एखादा कोरीव चिरा शोधत फिरलेला डोळा इथे आल्यावर एकदम तृप्त होतो. ज्या काळात वारदांसारखे सावकार असा वाडा बांधत होते, त्याच काळात गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. पहिली, जिला गाव अजून जुनी मिल म्हणतं, ती १८७७ ची. माझ्या आजीच्या दिवसाचा आकार त्या भोंग्याने ठरायचा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला आजोबांचा डबा.

आता पोटाचं. आमच्याकडे सकाळच्या नाश्त्याला सुशीला मिळेल, चुरमुऱ्यांचा, फोडणीचा, वर शेंगदाणे. डिस्को भजी बघून नावावर जाऊ नका, खाऊन बघा. घरी न्यायला शेंगा चटणी आणि कडक भाकरी घ्या. चटणी उखळात कुटलेली आहे का विचारा. कुटलेली असेल तर तिला तेल सुटलेलं दिसतं आणि ती बोटांना चिकटते, मिक्सरची कोरडी भुकटी राहते. कडक भाकरी पेपरात गुंडाळून कोरड्या जागी ठेवली तर बरेच दिवस टिकते. ती मोडून दह्यात भिजवून वर चटणी घालायची.

संध्याकाळ मोकळी असेल तर विजापूर रोडला कंबर तलावावर जा, ज्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. तिथे कमळं आहेत, पाणपक्षी आहेत, आणि जवळच वनविहाराची झाडी. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारकही त्याच दिवसात बसतं. १९१० मध्ये इथे जन्मलेला आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेलेला हा डॉक्टर. त्यांचं घर बघायचं असेल तर दुपारच्या उन्हाची वेळ त्याला द्या, कारण तिथे छप्पर आहे आणि तळ्यावर त्या वेळी पक्षीही सावलीला गेलेले असतात.